मूर्ती फोडणाऱ्याचा मूर्तीवर किती विश्वास असतो?

पुतळ्याला काळं फासलं, पुतळ्याचं डोकं उडवलं, दोर बांधून पुतळा खाली ओढला. जगात कुठे ना कुठे अशी बातमी येतच असते. मग चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, शेवटी दगडच ना तो!" गंमत म्हणजे हे वाक्य दोन्ही बाजूंच्या तोंडी असतं. फोडणारा म्हणतो, दगडच तर फोडला, एवढा गहजब कशाला? चिडलेला म्हणतो, दगडच होता ना, मग तुला तो एवढा का सलत होता?

मला यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

वर्ष संपलं की देवाचं चित्र असलेलं कॅलेंडर भिंतीवरून उतरतं. ते कचऱ्याच्या डब्यात टाकायला बहुतेकांचा हात धजत नाही. कुणी ते माळ्यावर ठेवतं, कुणी विसर्जनाच्या कलशात टाकतं, कुणी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतं. तिथे आधीच फुटक्या काचांच्या तसबिरींची रांग लागलेली असते. हे ठेवून जाणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की हा छापखान्यातला कागद आहे हे मलाही कळतं. कळतं, तरी हात धजत नाही. सगळ्या मूर्तिभंजनाचं मूळ या एवढ्याशा अडखळण्यात आहे. ज्याला ही अडखळ जाणवते तो मूर्ती जपतो. ज्याला तीच अडखळ धोकादायक वाटते तो हातोडा उचलतो.

मूर्ती नसणं वेगळं, मूर्ती फोडणं वेगळं

प्रतिमा खोटी आहे, पापाची आहे किंवा अन्यायाची आहे असं ठरवून, तत्त्व म्हणून ती नष्ट करणं म्हणजे मूर्तिभंजन. देवळातला सोन्याचा मुखवटा वितळवून विकणं ही चोरी झाली. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून घडू शकतात, पण समजून घेताना त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

मुळात मूर्ती न घडवण्याची परंपरा ही तर आणखी तिसरीच गोष्ट. भाजे किंवा कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहात शिरलं की समोर स्तूप दिसतो, बुद्धमूर्ती नाही. सुरुवातीच्या बौद्ध कलेत बुद्ध दाखवायचा तर स्तूप, बोधिवृक्ष, पावलं, रिकामं आसन अशा खुणा असत. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती आहेत, पण त्या काही शतकांनी, जुन्या शिल्पांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून कोरलेल्या आहेत. आधीच्यांनी कुणाची मूर्ती फोडली नव्हती आणि नंतरच्यांनी स्तूप हटवला नाही. आपल्याकडचा तांदळाही असाच, नाक-डोळे नसलेला, शेंदूर लावलेला दगड. त्याला चेहरा नाही म्हणून त्याच्यापुढे नारळ फोडणाऱ्याचं काही अडत नाही. तेव्हा 'अमुक धर्मात मूर्ती नाही, म्हणजे ते मूर्तिभंजक' हे समीकरण सुरुवातीलाच बाजूला ठेवू.

चित्र हे अडाण्यांचं पुस्तक?

इसवी सन ६००च्या आसपास फ्रान्समधल्या मार्सेय शहराचे बिशप सेरेनस यांनी चर्चमधली चित्रं फोडून टाकली, कारण लोक त्यांची पूजा करायला लागले होते. रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांनी त्यांना पत्र पाठवलं. त्याचा मथितार्थ असा: चित्रांची पूजा होऊ दिली नाहीस हे ठीक, पण ती फोडायला नको होतीस. वाचता येणाऱ्याला जे पुस्तकातून मिळतं ते न वाचता येणाऱ्याला भिंतीवरच्या चित्रातून मिळतं.

व्यवहारी तोडगा आहे, आणि पश्चिम युरोपने तो पुढे शेकडो वर्षं वापरला. तरी तो अपुरा आहे. पुस्तकाला कुणी तेल-वात करत नाही, नवस बोलत नाही. लोक चित्रापुढे जे करतात ते शिकण्याच्या कितीतरी पलीकडे जातं. पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगात आयकॉन, म्हणजे येशू, मरिया किंवा संत यांची बहुधा लाकडी फळीवर रंगवलेली पवित्र प्रतिमा, घरातल्या माणसासारखी वागवली जायची. तिथला सम्राट दुसरा मायकेल याने ८२४ साली पश्चिमेचा सम्राट लुई याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की लोक बाप्तिस्म्याच्या वेळी प्रतिमेलाच मुलाचा धर्मपिता करतात आणि काही पाद्री प्रतिमेवरचा रंग खरवडून प्रसादात मिसळतात. पत्र प्रतिमाविरोधी राजाचं आहे, तेव्हा त्यात तिखटमीठ असेल. पण दुसऱ्या बाजूचे एक मोठे मठाधिपती, स्टुडिअसच्या मठातले थिओडोर, यांनी एका अधिकाऱ्याला पत्र लिहून संत डिमिट्रिअसच्या प्रतिमेला मुलाचा धर्मपिता केल्याबद्दल शाबासकीच दिली आहे! म्हणजे हे घडत होतं.

चित्र माहिती देतं आहे तोवर कुणाचं काही बिघडत नाही. ज्याचं चित्र आहे तो तिथे हजर आहे असं वाटायला लागलं की भांडण सुरू होतं.

कॉन्स्टँटिनोपलमधली सव्वाशे वर्षं

आजचं इस्तंबूल म्हणजे तेव्हाचं कॉन्स्टँटिनोपल, पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी. या साम्राज्याला इतिहासात बायझंटाइन म्हणतात. सातव्या शतकात अरबांनी त्याच्याकडून सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त घेतलं. ७१७-१८ मध्ये तर राजधानीलाच वेढा पडला. तो वेढा परतवणारा सम्राट म्हणजे तिसरा लिओ. पुढे ७२६ साली एजियन समुद्रात थेराच्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. देव आपल्यावर कोपला आहे, असं लोकांना वाटणं साहजिकच होतं. पण कशामुळे कोपला?

बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा सांगते की कोरीव मूर्ती करू नका, त्यांच्यापुढे वाकू नका. लिओच्या भोवतालच्या काहींनी बोट प्रतिमांकडे दाखवलं. राजवाड्याच्या दारावरची येशूची प्रतिमा काढायला माणूस शिडीवर चढला आणि चिडलेल्या बायकांनी शिडी ओढून त्याला खाली पाडलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मात्र ती नंतरच्या आणि विरोधकांच्या लिखाणात येते, म्हणून आजचे अनेक इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. ७३० मध्ये धर्मगुरू जर्मानोस यांना पद सोडावं लागलं हे मात्र नक्की.

लिओचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन बापापेक्षा कडवा निघाला. त्याने ७५४ मध्ये हिएरिया इथे ३३८ बिशपांची परिषद बोलावली आणि प्रतिमांवर बंदी घातली. ७८७ मध्ये सम्राज्ञी आयरीनच्या काळात नायकिया इथल्या परिषदेने ती उठवली. त्याच्या आदल्या वर्षीच राजधानीत परिषद भरवायचा प्रयत्न झाला होता, पण कॉन्स्टंटाइनच्या जुन्या सैनिकांनी ती उधळून लावली. ८१५ मध्ये बंदी पुन्हा आली. शेवटी ८४३ मध्ये दुसरी एक सम्राज्ञी, थिओडोरा, हिने प्रतिमा कायमच्या परत आणल्या. ऑर्थोडॉक्स चर्च तो विजय अजून दरवर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी साजरा करतं.

फोडणाऱ्यांचं म्हणणं तरी ऐका

मूर्तिभंजक म्हटलं की डोळ्यांपुढे हातोडा घेतलेला गावगुंड येतो. हिएरियाला जमलेले लोक तसे नव्हते. त्यांचा युक्तिवाद चलाख आहे आणि तो सोपा करून सांगता येतो.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही, आणि हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. आता तुम्ही येशूचं चित्र काढलंत. तुम्ही नेमकं काय रंगवलंत? फक्त माणूस रंगवला म्हणाल, तर तुम्ही देवापासून माणूस तोडलात. देवही रंगवला म्हणाल, तर ज्याला सीमा नाही त्याला वीतभर फळीत कोंडलंत. काहीही उत्तर द्या, तुम्ही पाखंडीच ठरता. येशूची खरी प्रतिमा एकच, असं ते म्हणत, आणि ती म्हणजे त्याने स्वतः ठरवून दिलेला प्रसाद, भाकर आणि द्राक्षरस.

हा युक्तिवाद आपल्यापर्यंत कसा पोचला तेही पाहण्यासारखं आहे. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्यांची पुस्तकं शिल्लक ठेवली नाहीत. पण नायकियाच्या परिषदेत हिएरियाचा ठराव खोडून काढण्यासाठी आधी तो वाचून दाखवला गेला आणि इतिवृत्तात उतरला. खंडन झालं म्हणून मूळ म्हणणं वाचलं.

प्रतिमांची बाजू सगळ्यात ताकदीने मांडली दमास्कसच्या जॉनने. हा खलिफाच्या राज्यात जेरुसलेमजवळच्या मठात राहत होता, त्यामुळे ख्रिस्ती सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. मुस्लिम राज्यात बसून एक ख्रिस्ती साधू ख्रिस्ती सम्राटाविरुद्ध मूर्तींची वकिली करतो आहे, हे चित्र आपल्या ठरावीक समजुतींत कुठे बसत नाही. त्याचं म्हणणं असं: देव दिसत नव्हता तोवर त्याचं चित्र काढू नये हे बरोबरच होतं. पण तो देह घेऊन आला, माणसांत वावरला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं. आता चित्र काढायला मनाई करणं म्हणजे तो खरोखर देहात आलाच नव्हता असं म्हणणं. दुसरं म्हणजे, मान देणं आणि उपासना करणं यात फरक आहे. मान प्रतिमेला, उपासना फक्त देवाला. आणि तिसरं, चौथ्या शतकातल्या संत बेझिलच्या आधाराने, प्रतिमेला दिलेला मान ज्याची प्रतिमा आहे त्याला जाऊन पोचतो.

हे शेवटचं वाक्य मराठी वाचकाला ओळखीचं वाटलं तर नवल नाही. मातीच्या शिवलिंगाबद्दल तुकोबा म्हणतात: 'शिवपूजा शिवासी पावे । माती मातीमाजी सामावे'. एक कॅपडोशियातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला बिशप, एक देहूचा वाणी. मधे बारा शतकं आणि हजारो मैल. एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मुळीच नाही. प्रतिमा पुजणारा विचार करू लागला की त्याला बहुधा या वळणावर यावंच लागतं, एवढंच.

पण सामान्य माणूस इतका बारीक फरक करतो का?

ही शंका फोडणाऱ्यांनी प्रत्येक काळात विचारली आहे आणि ती खोटी नाही. गणेशोत्सवात शास्त्र अगदी स्पष्ट आहे. प्राणप्रतिष्ठेच्या आधी ती माती. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली, की पुन्हा माती. तरी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर वाहून आलेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे हात आणि सोंडा पाहून पोटात कालवतंच. शास्त्राप्रमाणे तिथे आता देव नाही, पण डोळ्यांना हे पटत नाही.

मला यात भाबडेपणा दिसत नाही. चेहऱ्याकडे चेहरा म्हणून पाहणं माणसाला टाळता येत नाही, तो कागदावरचा असो की प्लास्टरचा. मूर्तिभंजकालाही टाळता येत नाही! म्हणून तर तो बहुतेक वेळा आधी डोळे खरवडतो, नाक तोडतो, मुंडकं उडवतो. नुसता दगड नष्ट करायचा असता तर कुठूनही सुरुवात चालली असती. समोर कुणीतरी आहे हे त्याच्या हाताला कळलेलं असतं.

हे सगळं सत्तेसाठीच नव्हतं का?

बराचसा भाग सत्तेचा होता, पण 'सत्तेसाठीच' म्हणणं मला पटत नाही. साम्राज्य का हरतंय याचं उत्तर त्या काळचे लोक खरोखरच देवाच्या रोषात शोधत होते. पाचव्या कॉन्स्टंटाइनने या विषयावर स्वतः लिखाण केलं होतं. ढोंगी माणूस एवढी मेहनत घेत नाही.

तरी सत्तेचा वास कुठे येतो ते ओळखायचं असेल तर काय फोडलं यापेक्षा काय शाबूत ठेवलं ते पाहावं. सातव्या शतकाच्या शेवटी सम्राट दुसरा जस्टिनियन याने सोन्याच्या नाण्यावर येशूचा चेहरा आणला होता. प्रतिमाविरोधी सम्राटांच्या नाण्यांवर येशू नाही. मग कोण आहे? सम्राट स्वतः, त्याचा मुलगा, आणि पुढे तर वारलेला बापही. कॉन्स्टंटाइनने राजधानीतल्या एका चौकातली धर्मपरिषदांची चित्रं पुसून तिथे घोडागाडीच्या शर्यती आणि आपला लाडका सारथी रंगवून घेतला, असं त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवलं आहे. चित्रकारांचं काम काही थांबलं नव्हतं. कोणाचा चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे राहील हे ठरवायचा हक्क मठांकडून आणि घराघरातल्या देव्हाऱ्यांकडून काढून राजवाड्याकडे गेला होता.

अँटवर्प १५६६, साष्टी १५६७

हे लागोपाठचे दोन सन एकत्र वाचले पाहिजेत. आपण ते सहसा वाचत नाही, कारण एक युरोपच्या पुस्तकात असतो आणि दुसरा गोव्याच्या.

ऑगस्ट १५६६. आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सचा प्रदेश तेव्हा स्पेनचा कॅथलिक राजा दुसरा फिलिप याच्या ताब्यात होता. तिथे नव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, विशेषतः कॅल्व्हिनच्या अनुयायांनी गावोगावच्या चर्चमध्ये घुसून मूर्ती, वेदी, काचचित्रं फोडायला सुरुवात केली. २० ऑगस्टच्या संध्याकाळी अँटवर्पचं मोठं कॅथीड्रल फुटलं. फोडणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: ही मूर्तिपूजा आहे, आणि बायबलने ती निषिद्ध ठरवली आहे. कॅथलिक जग हादरलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, डिसेंबर १५६३ मध्ये, कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने मूर्तींच्या बाजूने निर्वाळा दिला होता, तोही जवळजवळ बेझिलच्याच शब्दांत: मान मूर्तीला नाही, मूर्ती ज्याची आहे त्याला पोचतो.

पुढच्याच वर्षी गोव्यात, साष्टी तालुक्यात, कॅथलिक पोर्तुगीज सत्तेने अडीचशेहून जास्त देवळं पाडली. तिसवाडीतली देवळं त्याआधीच, १५४०च्या सुमारास गेली होती. कारण तेच सांगितलं गेलं, मूर्तिपूजा. पाडलेल्या अनेक देवळांच्या जागी चर्च उभी राहिली आणि त्या चर्चमध्ये अर्थातच मूर्ती होत्या.

म्हणजे एकाच धर्मपीठाचे लोक अँटवर्पमध्ये 'मूर्ती म्हणजे देव नव्हे, ती केवळ देवाकडे नेणारी खूण' हे पटवत होते आणि साष्टीत समोरच्याला तेच म्हणायची मुभा देत नव्हते. एके काळी हिंदुस्थानातून लिस्बनला गेलेली मिरी अँटवर्पच्याच बाजारात विकली जायची, तेव्हा ही दोन जगं एकमेकांना अनोळखी होती असंही म्हणता येत नाही. 'आमची मूर्ती खऱ्याची, तुमची खोट्याची' हे त्यांचं उत्तर होतं. एकदा हे उत्तर घेतलं की वाद मूर्तीचा राहतच नाही.

गोव्यातल्या भक्तांनी काय केलं ते कोकणात घरोघरी माहीत आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही ठिकाणं झुआरीपलीकडच्या अंत्रुज महालात, आजच्या फोंडा तालुक्यात आहेत. तिथे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. सत्ता विजापूरच्या आदिलशहाची होती. मूर्ती वाचवायला लोक सुलतानाच्या मुलखात गेले. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचं लिंगही असंच लपवत डिचोलीकडच्या नार्व्याला नेलं गेलं आणि पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

पण इस्लाममध्ये तर चित्राला पूर्ण मनाई आहे ना?

प्रार्थनेच्या जागी सजीवाचं चित्र नको, यावर मुस्लिम परंपरेत व्यापक एकमत आहे. कुराणात मूर्तिपूजेचा निषेध आहे. चित्र काढण्यावरची बंदी मुख्यतः हदीसमधून, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहांतून येते, आणि तिचा अर्थ किती कडक लावायचा यावर मतभेद राहिले. म्हणून मशिदीत फक्त अक्षरं आणि वेलबुट्टी, पण दरबारी पोथ्यांत माणसं, घोडे, प्रेमिक, शिकारी, सगळं काही. विजापूरचाच दुसरा इब्राहिम आदिलशहा घ्या. त्याची उत्कृष्ट व्यक्तिचित्रं उपलब्ध आहेत आणि त्याच्या 'किताब-ए-नवरस' या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपतीचं स्तवन आहे.

दुसरीकडे मुसलमान राजांनी देवळं पाडल्याचीही पुष्कळ उदाहरणं आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की 'धर्मात लिहिलंय म्हणून' हे कारण पुरतं का. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सहाव्या-सातव्या शतकातल्या. त्यांच्या आसपास हजारभर वर्षं मुस्लिम वस्ती आणि मुस्लिम सत्ता होती. त्यांची नासधूस झाली, तोफाही चालल्या, पण मूर्ती उभ्या होत्या. खुद्द तालिबानच्या मुल्ला ओमरने १९९९ मध्ये त्या जपायचा आदेश काढला होता. मार्च २००१ मध्ये त्याच माणसाच्या हुकमाने त्या सुरुंग लावून उडवल्या. दोन वर्षांत धर्मग्रंथ बदलला नव्हता. बदलली होती ती राजवटीची जगातली कोंडी: निर्बंध, एकटेपणा, आणि कॅमेऱ्यांचं लक्ष मिळवायची गरज. जगाने त्या मूर्तींना अनमोल म्हटलं आणि त्यामुळेच त्या फोडण्याला किंमत आली.

या सगळ्यात कलेचं काय झालं?

जे गेलं ते मोजता येत नाही. आठव्या शतकाआधीचे आयकॉन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यातले सर्वोत्तम इजिप्तच्या सिनाई वाळवंटातल्या सेंट कॅथरिनच्या मठात आहेत. तो मठ खलिफाच्या राज्यात असल्यामुळे सम्राटाची बंदी तिथवर पोचलीच नाही.

इस्तंबूलच्या हागिया आयरीन या चर्चमध्ये त्या बंदीच्या काळातलं काम अजून आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर एकटा काळा क्रूस, बाकी काही नाही. मला तो अतिशय देखणा वाटतो. मूर्तिभंजकांना सौंदर्याची जाण नव्हती, असं म्हणणाऱ्याने तो पाहावा. तिथून चालत काही मिनिटांवर हागिया सोफियात ८६७ मध्ये उद्घाटन झालेली मरिया आणि बाळ येशू यांची मोझेक आहे. ती जिंकलेल्यांची घोषणा होती.

प्रोटेस्टंट मुलखात वेगळंच घडलं. चर्चच्या भिंती चुन्याने पांढऱ्या झाल्या आणि चित्रकारांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक गेला. हान्स होल्बाइन हा चित्रकार काम मिळेना म्हणून १५२६ मध्ये स्वित्झर्लंडमधलं बाझेल सोडून इंग्लंडला गेला. पुढच्या शतकात डच चित्रकार घरांसाठी चित्रं करू लागले: समुद्र, गायी, जेवणाचं टेबल, पत्र वाचणारी बाई. या चित्रांना पैसेवाला शहरी वर्ग मिळाला म्हणून ती वाढली हे खरं. पण वेदीमागची जागा रिकामी झाली नसती तर सगळं कसब तिकडे इतक्या जोमाने वळलं असतं का, याची मला शंका आहे. पीटर सानरेडाम या डच चित्रकाराने तर त्या उघड्याबोडक्या, पांढऱ्या चर्चचीच चित्रं काढण्यात आयुष्य घालवलं.

फोडण्यातला सगळ्यात विचित्र गोंधळ पॅरिसचा. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी नोत्र-दाम कॅथीड्रलच्या दर्शनी भागावरच्या राजांच्या मूर्ती खाली उतरवून त्यांची डोकी उडवली, खऱ्या राजाचं उडवलं होतं तसंच. त्या मूर्ती फ्रान्सच्या राजांच्या नव्हत्याच, बायबलमधल्या यहुदाच्या राजांच्या होत्या. १९७७ मध्ये एका इमारतीच्या कामात त्यातली २१ डोकी जमिनीखाली सापडली आणि आता ती संग्रहालयात आहेत. तिथे लोक नाक तुटलेल्या राजांपुढे उभे राहून फोटो काढतात.

पुतळे धार्मिक नसतात, मग त्यांच्यावर राग का?

नियम तोच लागू पडतो. १८९६ मध्ये मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं. ते दामोदर चापेकरांनी भावाच्या साथीने केलं होतं. राणी हजारो मैलांवर होती, तिला डांबराचा थेंबही लागला नाही. पण सरकारने आणि लोकांनीही ते राणीलाच फासल्यासारखं घेतलं. बेझिलचं वाक्य उलटं लावून पाहा: प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो, तसा अपमानही पोचतो.

जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. इथे 'शेवटी पुतळाच ना' असं म्हणणाऱ्याला त्या वस्तीत तो पुतळा काय आहे हे कळलेलंच नसतं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्यांनी स्वतःच्या चौकात उभी केलेली ती मूर्त हजेरी आहे. अपमान करणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने तोच पुतळा निवडला.

तेव्हा सगळ्या पुतळेफोडीला एकाच मापाने मोजता येत नाही. व्हिक्टोरियाचा पुतळा सत्ता असलेल्यांनी उभारला होता आणि सत्ता नसलेल्यांनी त्याला डांबर फासलं. रमाबाई नगरात उलट झालं. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापारातला एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा जमावाने बंदरात ढकलला. नंतर तो पाण्यातून काढून, अंगावरच्या रंगाच्या खुणांसह, आडवा, संग्रहालयात ठेवला गेला. हा पर्याय मला पसंत आहे. त्यात पुतळाही राहतो आणि त्याच्यावरचा रागही पुरावा म्हणून राहतो.

पण हलवणं आणि फोडणं एकच नाही का?

देवळातल्या मूर्तीच्या बाबतीत जवळजवळ एकच, कारण तिची जागा हाच तिचा अर्धा अर्थ असतो. फोंड्यात जीव वाचलेल्या दैवतांची मूळ गावं आजही लोकांच्या तोंडी आहेत ती त्यामुळेच. राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांचं तसं नाही. चौथऱ्यावरून उतरवलं की त्याची हुकमत संपते आणि दगडकाम उरतं. मुंबईत १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा भर फोर्टातून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. तो कुणी फोडला नाही. पण घोडा काळा होता म्हणून त्या भागाचं पडलेलं काळा घोडा हे नाव घोडा गेल्यावरही पन्नासहून जास्त वर्षं चालू राहिलं, आणि शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला गेला. त्याच्या पाठीवर कुणाला बसवायचं, हा वाद मुंबईकरांनी होऊच दिला नाही. पाठ मोकळी ठेवली.